उष्टावणाआधीचा काला

चकलांबा आणि भोवतालच्या पाच-सहा गावांत लग्न, बारसं, सत्कार, काहीही असलं तरी माईक माझ्याकडे येतो. मला बोलवावं लागत नाही, मी आधीच जवळ उभा असतो. आवाज मेंढरं हाकून कमावलेला आहे आणि विषय कोणताही चालतो. नवरदेवाला आयुष्यात न भेटता त्याच्या आजोबांपर्यंतचं कौतुक मी केलेलं आहे. असा मी, तीन महिन्यांपूर्वी स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या नातवाच्या उष्टावणाला, माईक हातात धरून इतका वेळ गप्प राहिलो की मंडपवाला वायर तपासायला आला.

नातवाला सहा महिने पूर्ण झाले, तो आधाराशिवाय बसायला लागला, आणि त्याच आठवड्यात सुनेनं जेवताना सांगितलं की बाळाला कुणी भरवायचं नाही. आपण खातो त्यातलंच मऊ शिजलेलं, बोटाएवढं लांब कापलेलं, मीठ-गूळ न घातलेलं त्याच्या समोर ठेवायचं. उचलेल, चाटेल, फेकेल, त्याची मर्जी. तिनं हे फोनवर पाहिलं होतं, पण नुसत्या फोनच्या भरवशावर राहिली नव्हती. गेवराईला लस टोचायला गेली तेव्हा डॉक्टरबाईंना विचारून आली होती. काय द्यायचं, काय अजिबात द्यायचं नाही, आणि तो खात असताना मोठ्या माणसानं समोरून हलायचं नाही, हे बाईंनी कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद पिठाच्या डब्यावर चिकटवला गेला, म्हणजे माझ्या बायकोला तो दिवसातून दोनदा वाचावा लागणार.

बायको भाकरी थापत होती. तिनं कागदाकडे पाहिलं नाही. एवढंच म्हणाली, "लेकरानं सोताच्या हातानं खायचं, मग आपुन कशाला हाव?"

हे टोमण्यासारखं वाटलं, पण टोमणा नव्हता. तिनं आमची तीन पोरं मांडीवर घेऊन, वरण-भात बोटांनी मऊ करून वाढवली होती. नातवासाठी ती तीच मांडी रिकामी ठेवून बसली होती.

दुसरी अडचण रिवाजाची. आमच्यात मामानं खीर चाटवल्याशिवाय बाळाच्या तोंडाला अन्न लागत नाही. मामा, म्हणजे सुनेचा भाऊ, नांदूरघाटचा. ऊसतोडीचा मुकादम. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप बंद होईपर्यंत, टोळी सोडून येणं त्याला शक्य नव्हतं. अजून तीन आठवडे लागणार होते. सून थांबायला तयार नव्हती. शेवटी पंच म्हणून मी तोडगा काढला. तीन आठवडे सुनेच्या पद्धतीनं चालू द्यायचं, पण त्याला खाणं म्हणायचं नाही, खेळ म्हणायचं. उष्टावणाच्या दिवशी बाळानं मामासमोर आपल्या हातानं घास तोंडात घातला तर पुढंही तसंच चालेल. नाही घातला तर मामा चमच्यानं भरवेल आणि दुसऱ्या दिवसापासून वाटी-चमचा आजीच्या ताब्यात. दोघींनी मान्य केलं. मला माझाच अभिमान वाटला.

पहिले काही दिवस मजेत गेले. जुनी साडी अंथरायची, त्यावर बाळ, समोर ताटलीत लाल भोपळ्याची शिजलेली फोड. भोपळा कानात गेला, केसांत गेला, साडीवर तर भरपूर गेला. चौथ्या दिवशी रताळं जरा मागे गेलं आणि त्याला उबळ आली. तोंड लाल, डोळ्यांत पाणी. बायको झेपावली. सुनेनं नजर त्याच्यावरून न काढता तिला हातानं थांबवलं. खोकतोय, आवाज येतोय, म्हणजे तो आपलं आपण बाहेर काढतोय, असं ती हळू आवाजात म्हणाली. पोरानं रताळं थुंकलं, पाहिलं आणि तेच परत उचललं. बायकोला मात्र घोटभर पाणी द्यावं लागलं.

मी उघडपणे सुनेच्या बाजूचा होतो. बायकोला मी मेंढरांचा दाखला दिला. कोकराला आपण कधी पाला भरवतो का? पंधरा-वीस दिवसांचं झालं की आईशेजारी उभं राहून आपोआप फांदी कुरतडायला लागतं. बायको म्हणाली, कोकरू जन्मल्या जन्मल्या उभं राहतं, तुमचा नातू अजून पालथा पडून रडतोय.

आता माझी करणी.

रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला, सून भांडी आवरायची तेव्हा, मी नातवाला कडेवर घेऊन घरामागच्या मेंढवाड्यात जायचो. तिथं दगडावर बसून दुधात भाकरी कुस्करून काला खायचा, ही माझी वीस वर्षांची सवय आहे. एके दिवशी मी घास उचलला आणि मांडीवरच्या माणसानं तोंड उघडलं. मागितलं नाही, रडला नाही, नुसतं उघडलं, पिल्लानं उघडावं तसं. मी इकडं तिकडं पाहिलं. मेंढरांशिवाय कुणी नव्हतं. मी चिमूटभर काला, बोटांनी चोळून मऊ केलेला, त्या तोंडात ठेवला. त्यानं गिळला आणि परत उघडलं.

वाचकहो, मी चळलो. दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. पाचव्या दिवशी तर मी दूध नीट उकळून, भाकरीचा कडक पापुद्रा काढून, त्याच्यासाठी वेगळी वाटी घेऊन गेलो. कधी कधी दुपारीही चक्कर मारायचो. नातवाचं तोंड त्याच्याच लंगोटानं पुसायचो, कारण माझ्या उपरण्यावर डाग दिसला असता.

इकडं त्यानंतर साडीवर बसवलं की पोरगं भोपळ्याकडे पाहून हसायचं, एकदा थापट मारायचं आणि ताटली उलटी करायचं. पोट भरलेलं माणूस दुसरं काय करणार? सुनेला हे कुठून कळावं? तिनं फोडी अजून मऊ केल्या. गाजर आणलं, केळं दिलं, मुगाची लांबट धिरडी केली. वेळ बदलून दुपारी बसवून पाहिलं, तर त्याआधी माझी दुपारची चक्कर झालेली. ती बोलायची नाही, पण ताटली धुताना तिची पाठ बोलायची. मधेच अंगणवाडीत वजन झालं तर ते छान वाढलेलं. "खात न्हाई अन् वजन वाढतंय," बायको म्हणाली, "आईच्या दुधाचाच जोर हाय." मी मान डोलावली. इतकी मान मी मंत्र्याच्या भाषणालाही डोलावली नव्हती.

उष्टावणाचा दिवस उजाडला. मुकादम मामा सकाळीच चांदीची वाटी आणि अंगठी घेऊन आला. टोळीवर ओरडून त्याचा आवाज माझ्याहून मोठा झालेला, पण भाच्याला पाहिल्यावर तो कुजबुजायला लागला. अंगणात मांडव, चाळीसेक माणसं, माईक माझ्या हाताजवळ. मी मेंढरांना पाणी दाखवायला मागे गेलो तर सून तिथं आली. पदरानं हात पुसत म्हणाली, "आबा, तुमीच सांगून टाका माईकवर. मामा भरवील म्हनावं. त्याला न्हाई जमत. माझीच हौस होती."

तिचा आवाज रडका नव्हता. नोकरीचा राजीनामा द्यावा तसा कोरडा होता, आणि तोच मला झेपला नाही. मी दगडाकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगून टाकलं. वेगळ्या वाटीसकट.

तिनं दगडाकडे एकदा पाहिलं. मग विचारलं, "किती दिवस?"

"बारा."

"तुमी घालत होता, का तो घेत होता?"

मला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. मी आठवून खरं सांगितलं. आधी मी घालत होतो. शेवटचे चार-पाच दिवस तो माझं मनगट धरून हात स्वतःकडे ओढायचा.

तिचा चेहरा किंचित बदलला. "आज काही दिलंय?"

"मेंढरांची शपथ, न्हाई. पाहुण्यांच्या गडबडीत जमलं न्हाई."

"मग माईकवर हे सांगा," ती म्हणाली. "आत्यांच्या समोर. सगळं. मग बघू." आत्या म्हणजे तिची सासू, माझी बायको.

तर अशा रीतीनं मी माईक हातात घेऊन गप्प उभा होतो. मंडपवाल्यानं वायर हलवली, माईकवर फुंकर मारली, आणि मग बोलण्यावाचून इलाज उरला नाही. मी चाळीस माणसांसमोर कबूल केलं की गेले बारा दिवस या घरात एक चोर काला भरवत होता आणि वजन त्याच्यामुळं वाढलं. माणसं हसली. मामानं मिशीवर हात ठेवला. बायको हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती, आणि ती नजर मी ओळखतो. मी फसवलं याचं तिला काही वाटलं नव्हतं. मला भरवायला मिळालं, तिला नाही, हे तिला लागलं होतं.

बाळाला पाटासमोर बसवलं. बिनसाखरेची घट्ट खीर चांदीच्या वाटीत, शेजारी शिजलेल्या भोपळ्याची फोड. मामानं अंगठीवर खीर घेऊन बोट पुढं केलं आणि सुनेनं सांगितल्याप्रमाणं वितभर अंतरावर थांबवलं. बाळानं बोटाकडे पाहिलं. मग मान वळवून गर्दीत मला शोधलं, आणि माझ्याकडे बघून तोंड उघडलं.

आता माझ्या कबुलीला पुरावाही मिळाला. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले, माईकसकट. इतकं अवघड काम मी कधी केलेलं नाही. ते तोंड उघडंच. मांडवात कुणी हलेना. मुकादमानंही हात पुढं नेला नाही. शेवटी बाळानं तोंड मिटलं, कपाळाला आठी घातली, समोरचं मनगट धरलं आणि मामाचा अंगठीवाला हात ओढून सरळ तोंडात घातला. खीर संपल्यावर भोपळा उचलला. तोही अर्धा खाल्ला.

कुणीतरी टाळी वाजवली. सून भावाच्या मागे उभी होती, तिनं फक्त पदर नीट केला. मग ताटली उचलून सासूसमोर धरली आणि म्हणाली, "आत्या, उद्यापासून समोर तुमी बसा. मला सकाळी घाई असती." बायकोनं ताटली घेतली. तेव्हापासून रोज सकाळी ती साडीच्या काठाशी मांडी घालून बसते, हात गुडघ्यांवर दाबून, आणि प्रत्येक घासाला स्वतःचंच तोंड उघडते.

माझ्यावर निकाल असा लागला की मेंढवाड्यातला काला बंद, मी ओसरीवर सगळ्यांसमोर खायचा. नातू आता रांगतो. माझ्या वाटीपर्यंत येतो आणि मूठभर काढून घेतो. मी सुनेकडे पाहतो. त्यानं घेतलं तर चालतं, तुम्ही द्यायचं नाही, असं ती म्हणाली आहे. मी देत नाही. वाटी तेवढी जरा त्याच्या बाजूला सरकवून बसतो.