लय माझ्या हातात

टोकियोजवळच्या इचिकावातल्या आमच्या हौशी ऑर्केस्ट्राने आयरिश लोकधुनांचा कार्यक्रम ठरवला, तेव्हा टिन व्हिसल वाजवणारी मी एकटीच होते. पत्र्याची, सहा भोकांची ही बासरी मी तोयोसूतली नोकरी सांभाळून चार वर्षं शिकले होते. व्हायोलिन-चेलोंच्या गर्दीत तिचा सूर कुठे बसेल, हे कंडक्टरसोबत बसून मीच लिहून काढलं. सोलोही माझाच होता.

तिसऱ्या तालमीला मुख्य फ्लूटवादक उभे राहिले. साठीचे, अतिशय नम्र गृहस्थ. सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "खेळणं गोड आहे. पण सभागृहात खरं वाद्य हवं, नाही का?"

पुढच्या आठवड्यात माझा सोलो त्यांच्याकडे गेला आणि माझ्या हातात बोरान आलं, बकऱ्याच्या कातड्याचा आयरिश डफ. मी वाकून आभार मानले. घरी येईपर्यंत अंगाचा जाळ झाला होता.

शेवटच्या धुनेत एक जागा अशी होती, की सगळा ऑर्केस्ट्रा थांबायचा, कंडक्टर छडी खाली घ्यायचे आणि फ्लूट व डफ एवढेच उरायचे. लय डफाची. दोन महिने मी त्यांचा श्वास कुठे तुटतो ते ऐकत राहिले. तालमीत लय तसूभरही वाढवली नाही.

कार्यक्रमात ती जागा आली. आधी लय केसभर रेटली, मग आणखी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदावरची नजर हलवली नाही. त्यांच्या सुरांची नुसती हवा झाली, मग तीही थांबली. मी डफ मांडीवर ठेवला, कमरेला खोचलेली व्हिसल काढली आणि उरलेली धून त्याच वेगात वाजवली. टाळ्या पडल्या.

रंगमंचामागे ते फ्लूट पुसत होते. कान लाल. "लय फार वाढली," ते म्हणाले.

"वाद्य खरं असलं की झेपते," मी म्हटलं. माफी मागताना वाकतात तसे ते कमरेत वाकले, तसेच बराच वेळ राहिले.

घरी जाताना, कार्यक्रम ऐकायला आलेल्या नवऱ्याने विचारलं, "मुद्दाम केलंस ना?"

"हो."

"वयाने मोठे आहेत गं. वाईट नाही वाटलं?"

"नाही."

पुढच्या तीन तालमींना ते आलेच नाहीत. कंडक्टर मला म्हणाले, "तुम्ही फोन केलात तर येतील." मी करते म्हटलं, आणि केला नाही.