माझ्या बाजूचं चाक

आमच्या जुन्या गाडीचं पुढचं चाक वाजायला लागलं, ते आधी मला ऐकू आलं. नाचणी दळताना जातं घुमतं, तसं. गाडी उजवीकडे वळली की जास्तच.

“अहो, माझ्या बाजूला काहीतरी घुमतंय.”

“तुझ्या डोक्यात घुमतंय,” हे हसून म्हणाले.

घरात टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. दाराची बेल मलाच ऐकू यायची. काय झालंय ते मला कळलं होतं. फक्त ते यांना चारचौघांत कळू नये, एवढंच वाटत होतं.

पण चाकाची भीती वाटायची. रोज टुमणं लावलं, तेव्हा लालबागच्या गल्लीतल्या मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने जॅक लावून माझ्या बाजूचं चाक उचललं, एक हात आतल्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं.

“बेरिंग गेलं काका. ऐका, कसं गुरगुरतंय.”

हे वाकले. “कुठे? काही नाही.”

“काय काका! पार नाक्यापर्यंत ऐकू जातंय की!”

चहाच्या टपरीवरचे दोघं हसले. हे हसले नाहीत. पुन्हा वाकले, कान चाकाजवळ नेला आणि तसेच राहिले. त्यांची मान मला बघवेना.

परक्या माणसांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण पुढे झाले, यांचा हात धरला आणि त्या स्प्रिंगवर ठेवला.

“ऐकायचं कशाला? हाताला कळतं. फिरवा हो परत.”

मिस्त्रीने चाक फिरवलं. यांच्या हाताखाली ती खरखर मलाही जाणवली, कारण माझा हात वरून तसाच राहिला होता. भररस्त्यात मी यांचा हात असा कधी धरला नव्हता.

“हो. आहे खरं,” हे हळूच म्हणाले.

दुसऱ्या बाजूचंही बेरिंग झिजलं होतं. मिस्त्रीने दोन्ही बदलली.

परतताना परळच्या पुलावर यांनी विचारलं, “तुझ्या बाजूला कसं आहे आता?”

“काही आवाज नाही.”

“माझ्या बाजूलाही नाही. बरेच दिवस झाले.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर रस्त्याकडे बघत होते.

“उद्या कान दाखवून येऊ,” ते म्हणाले. “तू चल. डॉक्टरशी तूच बोल.”

“बरं,” मी म्हटलं. मग त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून गिअरवरच्या त्यांच्या हातावर हात ठेवला.