चाळलेली माती

पांढरकवड्याजवळच्या आमच्या शेतात, जंगलाच्या कडेला, मी मिरचीचा वाफा केला. झाडांखालची माती आणून पिठासारखी चाळली. तरी दोनदा रोपं मेली. तिसऱ्यांदाही मेली, तर वाफा बायकोच्या झेंडूला जाणार होता.

सरपणाची मोळी घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली. तिने मूठभर माती हुंगली, मग मी चाळून फेकलेल्या कुजक्या पानांच्या ढिगाकडे पाहिलं.

“भाऊ, जेवण फेकलं अन् ताट पुसून ठेवलं तुमी.”

“मी हेच सांगून राह्यली होती,” बायको म्हणाली. तिने असलं काही सांगितलं नव्हतं.

म्हातारीने तो ढीग हातांनीच मातीत कालवला, वर पाला पसरला आणि मोळी उचलून गेली. नाव विचारायचं राहिलं.

मग लावलेल्या रोपांना परवा नवी पानं फुटली.

“आता तुमी हात नका लावू,” बायको म्हणाली.

मी लावला नाही.