आजोबांसाठी नेलेला ठेचा

माझे आजोबा माझ्यापेक्षा अठ्ठावीस वर्षांनी लहान आहेत. मी बावन्नचा, ते चोवीसचे. दुसऱ्या महायुद्धात ते साताऱ्याकडच्या एका खेड्यातून पलटणीबरोबर इटलीला गेले आणि तिथेच राहिले, त्यामुळे त्यांचं वय पुढे सरकलंच नाही. त्यांना कधीही न पाहिलेला त्यांचा मुलगा, म्हणजे माझे वडील अण्णा, मात्र एक्याऐंशीचे झाले.

अण्णा आमच्याबरोबर दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. वडिलांची म्हणून त्यांच्याकडे एकच इस्टेट आहे, एक फोटो. त्यात आजोबा फौजी मोटरसायकलवर अशा ऐटीत बसलेत, की युद्ध जणू त्यांनीच बोलावलंय! (मोटरसायकल फोटोपुरती मागून आणलेली होती, असं आजी सांगायची.) गेल्या वर्षी गुडघे दाखवून आल्यावर अण्णा वरणभात कालवता कालवता म्हणाले, "एकदा बाबांना भेटून यावं म्हणतो. पाय चालताहेत तोवर." आणि थोड्या वेळाने, "मोटरसायकलवरूनच जाऊ. त्यांना बरं वाटेल."

ऑफिसात परदेशी जायची परवानगी मागताना कारणाच्या रकान्यात मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'वडिलांची त्यांच्या वडिलांशी भेट'. आमचे साहेब हळहळले. "इस उमर में! उनकी तबीयत तो ठीक है ना?" मी म्हटलं, "जी, बिल्कुल. वैसी ही है."

मोटरसायकलची मला काळजी नव्हती. (घरात चारचाकी आहे, पण ती सुमेधा, माझी बायको, चालवते. मला येत नाही. हा विषय इथेच संपवू.) तीस वर्षं रिंग रोडवर दुचाकी चालवून जिवंत राहिलेल्या माणसाला इटली काय करणार? खरी अडचण ठेच्याची होती. आघाडीवरून आजोबांचं जे शेवटचं पत्र आलं, त्यात त्यांनी एवढंच मागितलं होतं, की इथलं सगळं अळणी आहे, जमलं तर ठेचा पाठवा. आजीला ते जमलं नाही. ही गोष्ट ती मरेपर्यंत सांगायची, आणि सांगून झालं की उठून आत जायची. तेव्हा ठेचा न्यायचाच, असं अण्णांनी ठरवलं. स्वतः खलबत्त्यात कुटला. वरच्या मजल्यावरचे मिश्राजी दोन दिवस खोकत होते.

सुमेधा म्हणाली, स्टीलच्या डब्यात द्या. मी म्हटलं, छे, काचेची बाटली, आणि ती माझ्या हेल्मेटच्या आत! (दुसऱ्याचं हेल्मेट मी डोक्यावर चढवत नाही, म्हणून घरचंच घेऊन निघालो होतो.) हेल्मेट एवढं डोकं वाचवतं, तर बाटली नाही वाचवणार? बाटली वाचली, झाकण नाही वाचलं. इटलीतल्या हॉटेलात बॅग उघडली, तर अर्धा ठेचा बाटलीत आणि अर्ध्याचं तेल हेल्मेटच्या अस्तरात. अण्णा अंघोळीला गेले होते. मी टिश्यूपेपरने बाटली आणि अस्तर पुसलं आणि कोणाला काही बोललो नाही.

सकाळी भाड्याची मोटरसायकल घेऊन आम्ही निघालो. युद्धातल्या सैनिकांची दफनभूमी तिथून तासाभरावर, डोंगरात होती. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात. मी डावीकडे सरकलो की मागून अण्णा उजव्या खांद्यावर थाप मारत. पहिल्या गोल चौकात कुठून बाहेर पडायचं ते कळेना, म्हणून तीन फेऱ्या झाल्या. अण्णांनी प्रदक्षिणा समजून हात जोडले. पुढे घाट लागला. दिल्लीच्या सवयीने मी प्रत्येक वळणावर हॉर्न दिला. खिडक्यांतून म्हाताऱ्या बाहेर डोकावल्या, आणि अण्णांनी एकेकीला वाकून नमस्कार केला.

मग ऊन चढलं, मला घाम आला आणि अस्तरातला ठेचा जागा झाला.

आधी कपाळ, मग कान, मग डोळे. मी काच वर करून डोळा चोळला, पण बाटली पुसलेला हातही तोच! नाक, डोळे, सगळं एकदम वाहायला लागलं. फाटकाशी पोचून हेल्मेट काढलं तेव्हा मी हुंदके देत होतो. आत गवत कापणारा माळी कात्री टाकून धावला. त्याने टोपी काढली, मला धरून बाकावर बसवलं, पाणी आणलं आणि त्याच्या भाषेत काहीतरी इतकं मायेने बोलला की मला अजूनच ओशाळल्यासारखं झालं. अण्णा माझ्याकडे बघतच राहिले.

"विनू," ते म्हणाले, "तुला इतकं वाटत असेल, असं वाटलं नव्हतं रे."

इथे खरं सांगायला हवं होतं. पण मला उचकी लागली होती.

दहन झालेल्यांची नावं तिथे एका भिंतीवर कोरलेली आहेत. माळ्याने नोंदवही उघडून दिली. गावाचं नाव, आजीचं नाव, वय चोवीस. अण्णांनी चष्मा पुसून ते तीनदा वाचलं. मग भिंतीसमोर जाऊन उभे राहिले.

"केवढंसं पोर हे," ते म्हणाले. "ह्यांना आता अहो म्हणू की अरे?"

दोन्ही टाळून त्यांनी बाटली भिंतीच्या पायाशी ठेवली. "आईनं पाठवलाय, बाबा. उशीर झाला." आजी गेली तेव्हाही न रडलेले अण्णा लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होतो, माळी माझ्या. शेवटी अण्णांनी माळ्याच्या तळहातावर चिमूटभर ठेचा प्रसाद म्हणून ठेवला. त्याने तो भक्तिभावाने तोंडात टाकला, आणि मग तिघेही रडत होतो.

परतताना मी हेल्मेट नळाखाली साबणाने चार वेळा धुतलं. घाट उतरताना सारखी माझ्या मुलीची, ईराची आठवण येत होती. ती पंचवीसची आहे, आजोबांपेक्षा एक वर्षाने मोठी. यायला जरा उशीर झाला तर आम्ही तिला अजूनही मेट्रो स्टेशनवर आणायला जातो.

आरशात अण्णा माझ्याकडे बघत होते.

"विनू, हेल्मेट नीट धुतलंस ना?"

"हो, अण्णा. साबणाने."

"मग आता काय झालं?"

पुढे वळण नव्हतं, तरी मी हॉर्न वाजवला.