ऑप्शनला टाकलेला पगार

कल्पना करा, तुम्हाला लिफ्ट बिघडवायची आहे. आत कोणी नाही. सगळ्या मजल्यांची बटणं एकदम दाबा. दार मिटत आलं की मध्ये पाय घाला. दोन मजल्यांच्या मधोमध वीज तोडा. मग ती काय करते ते बघा. तिने चूक केली, तर तुमचा दिवस सार्थकी लागला.

आमच्या ऑफिसातल्या खुसपटबाईंचं काम हेच. लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो आणि त्या त्यात खुसपट काढायच्या. नाव त्यावरूनच पडलं. त्यांना त्याचा रागही नव्हता. चहाच्या मगावर त्यांनी स्वतःच ते मार्करने लिहून टाकलं होतं.

गंमत म्हणजे त्या राहायच्या चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. गुडघे गेल्यापासून त्यांची आई खाली उतरलीच नव्हती. यंदा पगार वाढला की लिफ्टच्या इमारतीत भाड्याने जागा घ्यायची, असं मायलेकींचं ठरलं होतं.

आणि यंदाच मालकांनी सगळ्यांना जमवलं. "आजपासून मी एकटा मालक नाही. आपण सगळे मालक!" पगारवाढीऐवजी प्रत्येकाला पाच हजार ऑप्शन्स. म्हणजे कंपनीचे शेअर पुढे कधीतरी, पण आज ठरलेल्या शंभर रुपयांच्या भावाने विकत घ्यायचा हक्क. गुंतवणूकदारांनी नुकतेच शेअरला दोनशे मोजले होते. "करा हिशेब. प्रत्येकी पाच लाख!" टाळ्या पडल्या.

खुसपटबाईंनी हात वर केला. "पाच हजार, पण कितीपैकी?"

"म्हणजे?"

"कंपनीचे एकूण शेअर किती आहेत?"

"ते गोपनीय असतं."

"मालकांपासूनसुद्धा?"

हशा पिकला. मालक हसले नाहीत. शुक्रवारपर्यंत सह्या करा, एवढंच म्हणाले.

घरी आईने विचारलं, "ऑप्शन म्हणजे तू दहावीला भूमितीतलं वर्तुळ ऑप्शनला टाकलं होतंस, तसं काही का?"

"तसंच. फक्त या वेळी त्यांनी माझा पगार ऑप्शनला टाकलाय."

"आणि तेव्हा नेमकं वर्तुळावरच सगळं आलं होतं," आई म्हणाली.

मग बाईंनी लिफ्ट तपासावी तसे ते ऑप्शन्स तपासायला घेतले. मधल्याच मजल्यावर उतरलं तर? हक्क चार वर्षांत थोडाथोडा पक्का होणार. नोकरी सोडली की तीन महिन्यांत पदरचे पैसे घालून शेअर घ्या, नाहीतर हक्क गेला. घेतले तर? बाजारात विकता येणार नाहीत. कंपनीच विकली गेली तर? आधी गुंतवणूकदार आपले पैसे काढून घेणार, उरलं तर आपलं. म्हणजे त्यांचा दोनशेचा शेअर आणि आपला शेअर एका तोलाचे नव्हतेच. किंमत अगदी शून्य नव्हती. पण त्यावर कोणी घर भाड्याने देणार नव्हतं.

शुक्रवारी त्या मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं.

"मला पगारवाढ द्या. ऑप्शन्स द्यायचे तर त्याच्या वर द्या, आणि एकूण आकडा सांगा."

"कंपनीवर विश्वास नाही तुमचा?"

"मी लिफ्टवर विश्वास ठेवला असता, तर तुम्हीच मला घरी पाठवलं असतं."

 शेवटी पगारवाढ मिळाली, मागितली त्याच्या निम्मी. ऑप्शन्स नाहीत. बाकी आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या.

निम्म्या वाढीत लिफ्टची इमारत बसेना. मागच्या गल्लीतली तळमजल्यावरची जागा मिळाली. "लेक लिफ्ट तपासते आणि आईला तळमजला!" असं म्हणत आई पहिल्याच संध्याकाळी काठी टेकत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेली आणि दुकानदाराशी भावावरून भांडून आली.

परवा शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "खुसपटबाई, आता मालकांची मीटिंग आहे. नोकरांनी चहा घ्या. उद्या कंपनी मोठी झाली की रडाल हं!"

"रडेन की. तेव्हाचं तेव्हा," म्हणत त्यांनी चहाचा मग उचलला आणि आमच्या आधी जाऊन पहिल्या रांगेत बसल्या. मालकांनी विचारलं, काही शंका? पुन्हा तोच हात वर गेला.

"पाच हजार, पण कितीपैकी?"