दुसऱ्या नळाचे पाणी

११ जून १९३८, सकाळी साडेसात. आमच्या धुळ्याच्या शाळेतील प्रयोगशाळेचे वृद्ध शिपाई, ज्यांना सारे नाना म्हणत, त्यांनी विज्ञान शिकवणाऱ्या माझ्यापुढे एक बाटली ठेवली.

तरुणपणी ते समुद्रकाठच्या एका जुगाराच्या हॉटेलात न्हाणीघरे सांभाळत. परीक्षानळ्या पुसताना त्या हॉटेलचा इतिहास सांगत: आधी मिठाचे कोठार, मग साहेबांचा क्लब, मग नाचघर आणि जुगाराचे फिरते चक्र. प्रत्येक वैभवापाशी हातातले फडके थांबे.

“अन् ताई, दर खोलीमा दोन नळ! एक गोडा, एक समुद्रना.”

बाटलीत त्या दुसऱ्या नळाचे पाणी होते. आज मात्र नानांची नजर खाली होती.

“दर उन्हाळामा पानी आटस, ताई. मी पांझरा नदीनं टाकस. वीस वरीस व्हयनात. आते त्यामा समुद्र उरना व्हई का?”

पाणी उडते, मीठ मागे राहते, एवढे सांगून भागले असते. पण समुद्र मीही पाहिला नव्हता; मलाही आकडाच हवा होता. नदीच्या पाण्याची सापेक्ष घनता जवळजवळ एक. समुद्राची सुमारे पंचवीस सहस्रांशांनी अधिक.

बाटलीतले पाणी उंच नळीत ओतले; त्यात घनतामापक डोलत होता. तो स्थिर होईपर्यंत नानांनी फडके घट्ट धरले होते. मी नोंदवहीत लिहिले: १.०२५.