मेलेल्याला उठवणारा हिरो

आमच्या दोस्ताने, म्हणजे फायटरने, पाडलेला माणूस जमिनीवर फार वेळ राहत नसे. हाच त्याला हात देऊन उठवायचा, पाठीवरची माती झटकायचा आणि विचारायचा, "लागलं का रं?" बोरी बुद्रुकच्या आखाड्यात हे शोभून दिसायचं. पण सिनेमाच्या शूटिंगमध्ये ठार मेलेल्या गुंडाला कुणी असा झटकून उभा केला, तर डायरेक्टरने काय करावं? कपाळाला हात लावावा, दुसरं काय!

हे वळण वडिलांचं. नाना म्हणजे गावाचे वस्ताद. कान मोडलेले, आवाज खणखणीत. त्यांच्या आखाड्याचा कायदा एकच, जिंकलेल्याने आधी हरलेल्याला उठवायचं, मगच इनामाला हात लावायचा. लहानपणी जत्रेत फायटरने नारळाची कुस्ती मारली आणि आनंदाच्या भरात आखाड्याभोवती उड्या मारत सुटला. हरलेला पोरगा तसाच मातीत पडलेला. नानांनी नारळ त्या पोराच्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्याला नारळ. त्याला उड्या पुऱ्या हायेत!" घरी आईने समजूत काढायला दुसरा नारळ फोडला, तर गड्याने खोबऱ्याला हात लावला नाही. तेव्हापासून ही सवय त्याच्या हाडात मुरली.

पुढे नारायणगावला कराटेचा क्लास निघाला आणि याचं डोकं फिरलं. काळा पट्टा मिळेपर्यंत घरातली म्हैससुद्धा वैतागली होती. पहाटे हा अंगणात हवेत लाथा झाडायचा आणि नाना आतून ओरडायचे, "गोठ्याम्होरं उडू नको रं, म्हैस पान्हा चोरती!"

मग मुंबई. सुरुवातीला काम एकच, हिरोचा मार खायचा. सुट्टीला आला की पेठ गावातल्या माझ्या मंडपाच्या गोडाउनमध्ये गाद्यांच्या ढिगावर आडवा व्हायचा. "काय राव, काय खाल्लं मुंबईत?" मी विचारायचो. "मार! पोटभर!" आणि स्वतःच खो खो हसायचा. हळूहळू मारायची कामं मिळाली, आणि तिथेच घोटाळा झाला. समोरचा पडला की याचा हात आपोआप पुढे जायचा. रिटेकवर रिटेक. एकदा तर मेलेला गुंडच याला हळूच म्हणाला, "भाऊ, पडू दे की मला, घरी जायचंय!"

नाना मात्र त्याचं काम बघत नसत. टीव्हीवर पोरगा दिसला की उठून गोठ्यात जायचे. "आधी ठरवून पडायचं म्हंजी नुरा. माझ्या घरात नुरा चालायची न्हाई," हे त्यांचं ठरलेलं. नुरा म्हणजे संगनमताची कुस्ती. पैलवानाला यापेक्षा मोठी शिवी नाही हो! फायटर वरून हसायचा, पण एकदा गाद्यांवर पडल्या पडल्या मला म्हणाला, "दुनियेनं बघितलं न्हाई तरी चालंल. नानांनी एकदा बघावं, एवढंच पायजे." हे म्हणताना तो हसत नव्हता.

शेवटी त्याला एक नवा डायरेक्टर भेटला. त्याने ती चूक पाहिली आणि म्हणाला, "ही काढायची नाही, हिच्यावरच सिनेमा करू." झालं! गुंडांना धू धू धुऊन परत उभं करणारा हिरो लोकांनी डोक्यावर घेतला. "लागलं का रं?" म्हटलं की थिएटरात शिट्ट्या. पार डोंगरातल्या घाटघरची पोरंसुद्धा एकमेकांना पाडून तेच विचारायला लागली. सगळ्या तालुक्याने सिनेमा बघितला, एक नाना सोडून.

म्हणून त्या वर्षी गावच्या जत्रेला मी डाव टाकला. कुस्त्या संपल्यावर सिनेमा दाखवायचा होता. पंच म्हणाले देवळामागे लाव, पण मी स्क्रीन उभारला थेट आखाड्याच्या कडेला. कारण आखाड्यात माणूस आहे तोवर वस्ताद जागचा हलत नाही, हा नानांचा स्वतःपुरता नेम. आता जाता कुठं?

पण नाना माझ्याहून वस्ताद निघाले. हलले नाहीत, पण स्क्रीनकडे पाठ करून बसले! दिवस कधीच मावळला होता, पब्लिक शिट्ट्या मारत होतं, फायटर माझ्या स्पीकरमागे नखं खात उभा, आणि नाना देवळाच्या कळसाकडे बघतायत. सिनेमा संपत आला. मोठी मारामारी झाली, मुख्य गुंड आडवा झाला आणि स्पीकरमधून आवाज आला, "लागलं का रं?"

नानांची मान वळली. पडद्यावर त्यांचा पोरगा गुडघ्यावर बसून त्या गुंडाची पाठ झटकत होता, अगदी आखाड्यातल्यासारखी.

नानांनी हात वर केला. मी घाबरून सिनेमा थांबवला.

"ए मंडपवाल्या," नाना म्हणाले, "पाडतो ते ऱ्हाऊ दे. उचलतो तेवढं परत लाव."

मी लावलं. त्यांनी ते नीट, डोळे भरून बघितलं. मग कुस्त्यांतून उरलेला एक नारळ उचलला आणि हाक मारली, "कुटं लपलाय त्यो? इकडं ये!" फायटर मान खाली घालून पुढे आला. नानांनी नारळ त्याच्या हातात ठेवला.

"घे. तवाचा तुझा ऱ्हायला व्हता."

आणि एवढा मोठा हिरो, सगळ्या गावासमोर, नारळ डोक्यावर धरून आखाड्याभोवती उड्या मारत सुटला. या खेपेला नाना त्याला काही बोलले नाहीत. उपरण्याने डोळे पुसण्यातूनच त्यांना सवड नव्हती.